एका डोळ्याच्या चष्म्याचे साहेब

सरांकडे काही शे जर्मन होते आणि त्यातल्या बहुतेकांच्या डाव्या गालावर तलवारीचा व्रण होता. ज्यांना व्रण नव्हता त्यांच्या एका डोळ्यावर गोल काच होती, आणि अगदीच नशीबवान असतील त्यांना दोन्ही मिळालं होतं. हे सगळे कागदावरचे जर्मन. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे इंग्लंड-अमेरिकेत छापलेल्या स्वस्त कादंबऱ्यांमधले, जर्मन सम्राट कैसरच्या राज्यातले. टोकदार शिरस्त्राणं घातलेले कर्नल, टाचा आपटून सलाम ठोकणारे लेफ्टनंट, शेवटच्या प्रकरणात हेर निघणारे वेटर आणि तळघरात बाटल्या हलवणारे टकले प्राध्यापक. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला विद्यापीठाच्या सगळ्यात मागच्या पार्किंग लॉटपलीकडे लायब्ररीची एक बसकी इमारत आहे. तिथल्या थंडगार खोलीत हे सगळे लोखंडी मांडण्यांवर उभे असत आणि सर त्यांची देखभाल करत.

मी साताऱ्याहून तिथे कॉम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स करायला आले होते. ऑन-कॅम्पस जॉब हवा होता, आणि कॅफेटेरियात पिझ्झा कापण्यापेक्षा लायब्ररी बरी, एवढ्याच विचाराने मी अर्ज केला. मुलाखतीला गेले तर खोलीच्या दाराशी माकडटोपी आणि मफलर घातलेले एक गृहस्थ उभे. बाहेर सप्टेंबरचं ऊन होतं. पुस्तकं टिकावीत म्हणून आतलं तापमान फार खाली ठेवतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अमेरिकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या डोक्यावर माकडटोपी पाहून मला हसू आलं आणि ते त्यांनी पाहिलं. "हसून घ्या," ते म्हणाले, "पुढल्या हप्त्यात तुम्ही मला हिचा पत्ता विचारसान." खरोखरच विचारला.

मी त्यांना काका म्हणून पाहिलं, तर ते म्हणाले, काका म्हणायला माझी काही हरकत नाही, पण मग मला तुम्हाला अगं म्हणावं लागेल आणि ते मला जमत नाही. ते सगळ्यांनाच अहो-जाहो करायचे. मला, कुरिअरवाल्याला, चाक अडकलेल्या ट्रॉलीलासुद्धा. "चला न जी, काहून अडून राहिले," असं ते ट्रॉलीला म्हणताना मी स्वतः ऐकलंय. मूळचे नागपूरचे, आणि इतक्या वर्षांत इंग्रजी अगदी सफाईदार झालेलं असलं तरी मराठी तोंडात आली की थेट तिथल्या इंदोरा वस्तीतून आल्यासारखी यायची. लायब्ररीतले बाकीचे लोक त्यांना पहिल्या नावाने हाक मारत. मी सर म्हणायला लागले आणि ते चालून गेलं.

तो संग्रह एका दंतवैद्याचा होता. त्याने आयुष्यभर फक्त अशाच कादंबऱ्या जमवल्या, ज्यात कैसरचे लोक येतात आणि वाईट वागतात. तो गेल्यावर बायकोने खोकी भरून विद्यापीठाला दिली आणि बहुधा सुटकेचा निःश्वास टाकला. कागद इतका हलका की पान उलटलं की कोपरा हातात यायचा. लायब्ररीत कोणालाच ती खोकी नको होती, म्हणून ती सरांच्या टेबलावर आली. सरांनी त्यातली पहिली वीस पुस्तकं वाचली आणि स्वतःच्या हाताने एक कार्ड आखलं. त्यावर अकरा चौकटी होत्या. एका डोळ्याचा चष्मा, म्हणजेच मोनोकल, गालावर व्रण, टोकदार शिरस्त्राण, टाचा आपटतो का, ओरडतो का, बीअर, सॉसेज, वाद्य वाजवतो का, असं करत करत शेवटची चौकट होती, मरतो कसा. प्रत्येक पुस्तकातल्या प्रत्येक जर्मनाचं असं एक कार्ड. त्याला ते ओळखपत्र म्हणायचे.

कार्डं भरताना ते त्या पात्रांशी बोलत. पात्रं दुष्ट असली तरी त्यांना साहेबच म्हणत. "आज कोणते साहेब आले?" हा त्यांचा सकाळचा प्रश्न. वाद्यं वाजवणाऱ्यांवर त्यांचा विशेष संशय होता. एकदा मी वाचत असलेल्या पुस्तकात एक मेजर फ्रेंच जमीनदाराच्या दिवाणखान्यात डोळे मिटून पियानो वाजवत होता. सरांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब पियानो वाजवून राहिले म्हणजे आता गाव जाळतील. वीस पानं थांबा." अठराव्या पानावर गाव पेटलं. सर आपल्या जागेवरून म्हणाले, आज घाईत आहेत वाटतं.

सर कधीही जर्मनीला गेले नव्हते आणि त्यांना जायचंही नव्हतं. खरा जर्मन त्यांनी जवळून पाहिला तो एकदाच. म्युनिकहून एक ग्रंथपाल आमची इमारत पाहायला आला होता. ओला रेनकोट, लाल नाक, हातात टिश्यूचा गोळा. लायब्ररीच्या प्रमुख असलेल्या आमच्या साहेबीणबाईंनी सरांना सुचवलं की त्याला ती गमतीची कार्डं दाखवा. सरांनी कार्डांचा विषयच काढला नाही. त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतःच्या थर्मासमधला आल्याचा चहा दिला आणि खिशातली विक्सची डबी काढून त्याच्या हातात ठेवली. तो गेल्यावर मी विचारलं की कार्डं का नाही दाखवली. सर म्हणाले, "त्यांना सर्दी होती. आपल्या इतक्या पुस्तकांत एकाही जर्मनाला सर्दी झाल्याचं वाचलं का तुम्ही?" मी आठवून पाहिलं. खरंच कोणालाच झाली नव्हती.

इमारतीत खायला बंदी, म्हणून सर बरोबर बाराला आपल्या जुन्या गाडीत जाऊन जेवत. गाडी कचऱ्याच्या मोठ्या पेटीकडे तोंड करून उभी असे आणि तिला ते डायनिंग हॉल म्हणत. पोळ्या, वांग्याची भाजी, आणि एका बारक्या बाटलीत असा ठेचा की मला घरची आठवण येण्याआधी डोळ्यांत पाणी येई. पहिल्या महिन्यातच त्यांनी मला शेजारच्या सीटवर बसायची परवानगी दिली. तिथेच बहुतेक गप्पा व्हायच्या. त्यांच्या घरच्यांबद्दल ते फार बोलत नसत. फोन आला की "जयभीम" म्हणून उचलत, आणि एप्रिलमध्ये चौदा तारखेच्या कार्यक्रमाला मला एडिसनच्या एका शाळेच्या हॉलमध्ये घेऊन गेले. तिथे ते भाषणाला उभे राहिले नाहीत. पुस्तकांच्या टेबलामागे उभे होते आणि जो येईल त्याला आधी विचारत होते, काय वाचता तुम्ही. मग पुस्तक देत.

कामात मात्र त्यांचा एक नियम होता आणि त्यात तडजोड नव्हती. लेखकाने चष्मा आहे म्हटलं तर हो. नाही म्हटलं तर नाही. लेखक काहीच बोलला नाही तर चौकट कोरी. मला तो नियम तेव्हा निव्वळ चिकित्सकपणा वाटायचा. ज्याच्या गालावर व्रण आहे, जो टाचा आपटतो आणि पियानो वाजवून गाव जाळतो, त्याच्या डोळ्यावर ती काच असणारच ना, असा माझा युक्तिवाद. सर म्हणायचे, लेखक गप्प असेल तर आपणही गप्प. मी मनात म्हणायची, आहे काय नि नाही काय.

दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात वरून पत्र आलं. जागा कमी पडतेय, तेव्हा कोणी वाचत नाही असे संग्रह काढून टाकायचे आहेत. डिसेंबरात तीन जणांची समिती बसेल. दंतवैद्याच्या कादंबऱ्या यादीत पहिल्या होत्या. सर पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणार होते, आणि संग्रह काढला तर तो रीसायकलिंगला जाणार, म्हणजे लगदा. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा अस्वस्थ पाहिलं. मी म्हटलं, सर, तसं पाहिलं तर टाकाऊ कादंबऱ्याच आहेत. ते म्हणाले, टाकाऊच आहेत. "पण एका अख्ख्या मुलखाला एकच तोंड कसं चिकटवलं, त्याचा पुरावा आहे हा. पंचनामा व्हायच्या आधी कोणी जागा झाडते का?"

समितीपुढे टिकायचं तर सगळी ओळखपत्रं कॉम्प्युटरवर शोधता आली पाहिजेत, असं ठरलं. साधारण निम्मी पुस्तकं सरांनी वाचून हातानं कार्डं भरली होती. ती टाइप झाली. उरलेली मी वाचून थेट कॉम्प्युटरवर भरायची होती. वाचून म्हणजे चाळून. फॉर्म मीच बनवला, चांगला देखणा. अकरा चौकटी, प्रत्येकीत हो, नाही, कोरं असे तीन पर्याय. दहा-बारा पुस्तकांनंतर लक्षात आलं की तीच तीच बटणं दाबून बोटं दुखतायत आणि उत्तरं तर तीच येतायत. मग मी आमच्या धंद्यातला कोणीही करेल ते केलं. नेहमी येणारं उत्तर आधीच भरून ठेवलं. चष्मा, हो. व्रण, हो. टाचा, हो. वेगळं काही आढळलं तरच बदलायचं. याला डिफॉल्ट म्हणतात आणि तो वापरणाऱ्यावर उपकार समजला जातो. माझा वेग तिप्पट झाला. सरांनी दोनदा विचारलं, इतक्या लवकर कसं होऊन राहिलं, आणि दोन्ही वेळा मी हसून म्हटलं, टेक्नॉलॉजी, सर.

आता यातली गोम अशी की आहे ते डोळ्याला दिसतं. नाही ते दिसत नाही. "या माणसाने चष्मा लावला नव्हता" असं कोणता लेखक मुद्दाम लिहितो? लेखक जिथे गप्प होता तिथे माझं लक्ष अडकायचं काहीच कारण नव्हतं, आणि माझा फॉर्म तिथे स्वतःहून हो म्हणत होता. दीडशेच्या आसपास पुस्तकं मी अशी पार पाडली. मला पत्ता नव्हता असंही म्हणवत नाही. एखाद्या वेळी वाटायचं, यात चष्मा खरंच होता का? पण मिडटर्म तोंडावर होत्या, आणि त्या कर्नलला चष्मा असला काय नि नसला काय.

ओहायोच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एक बाई होत्या. लोकांच्या मनातला कैसरचा जर्मन कसा तयार झाला, यावर त्या पुस्तक लिहीत होत्या. सरांनी त्यांना यादी पाठवली आणि त्या व्हिडिओवरून समितीपुढे बोलायला तयार झाल्या. समितीच्या अकरा दिवस आधी त्यांचा ईमेल आला. सरांनी तो मला उत्साहाने वाचून दाखवला. बाईंना मोठा शोध लागला होता. यादीच्या पहिल्या भागात कोणाला चष्मा आहे, कोणाला नाही, कुठे चौकट कोरी. पण दुसऱ्या भागात जवळपास प्रत्येक जर्मनाच्या डोळ्यावर काच. हा दुसरा भाग त्याच प्रकाशकांच्या नंतरच्या पुस्तकांचा होता. म्हणजे युद्ध जवळ आलं तशी कल्पना पक्की झाली, असा त्यांचा निष्कर्ष, आणि हेच त्या समितीला सांगणार होत्या. सर म्हणाले, बघा, तुमच्या मेहनतीनं हे दिसलं. तो शोध युद्धाचा नव्हता. माझ्या डिफॉल्टचा होता.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. घरी रूममेटला सांगितलं, तर ती म्हणाली, "यार, तू ओव्हरथिंक करतेयस. ती बुक्स कोण ओपन करणारे? आणि इट्स जस्ट अ मोनोकल." तिचं खोटं नव्हतं. कोणी उघडणार नव्हतं, निदान सर निवृत्त होईपर्यंत तरी. पण पुढे ओहायोच्या बाईंचं पुस्तक छापून येईल, कोणीतरी एक कादंबरी उघडून पाहील आणि मग तीस वर्षं एकही चौकट खोटी न भरलेल्या माणसाचं नाव त्या खोट्याखाली असेल. मला माझ्या नोकरीची भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण जास्त भीती सरांच्या तोंडाकडे बघायची होती.

दुसऱ्या दिवशी बाराला मी डायनिंग हॉलमध्ये बसले आणि माझा डबा उघडायच्या आधी सगळं सांगून टाकलं. डिफॉल्ट म्हणजे काय, ते मी कधी लावलं, किती पुस्तकं. सर ऐकत होते. पोळीचा तुकडा हातात तसाच. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले नाहीत. मग म्हणाले, "मी अकरावीच्या अॅडमिशनला गेलो होतो. खिडकीमागच्या बाबूनं आडनाव विचारलं, मी सांगितलं. त्यानं वर पाहिलं नाही. वडिलांच्या धंद्यासमोर सफाई कामगार लिहिलं आणि फॉर्म पुढे सरकवला. विचारलंच नाही."

सरांनी समोरची काच बाहीने पुसली.

"त्या धंद्यात वाईट काही नाही. माझ्या मामानं तोच केला. पण माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होते. तो बाबू ज्या फॉर्मवर लिहून राहिला होता न, तो माझ्या बापानं जुळवला होता. खाली छापखान्याचं नाव होतं. मी वाचलं तिथं उभं राहून."

मी विचारलं की मग तुम्ही ते दुरुस्त करून घेतलं का. सरांनी नकारार्थी मान हलवली. मागे रांग होती, ते म्हणाले, आणि मी सोळा वर्षांचा होतो. घरी कधी सांगितलं नाही. वडील वारले तरी सांगितलं नाही. कागदावर ते अजून तसंच असन. मग त्यांनी तो पोळीचा तुकडा खाल्ला, डबा झाकला आणि मला म्हणाले, तुमचं जेवून घ्या, मला ओहायोला फोन करायचा आहे. मला रडू येत होतं आणि मी पोळी खात होते. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच सहन होत नव्हतं.

फोन त्यांनी माझ्यासमोर केला. चूक आमची आहे, बाईंना त्यांनी सांगितलं. आमची म्हणाले. नऊ दिवसांत दुरुस्त यादी देतो, तोवर कुठे बोलू नका. बाई नाराज झाल्या असाव्यात, पण थांबायला तयार झाल्या. आता प्रश्न असा की दीडशे कादंबऱ्या नऊ दिवसांत ओळ न ओळ वाचायच्या, पुस्तकं इमारतीबाहेर न्यायची नाहीत आणि वाचनकक्ष पाचला बंद. मी आणि सर मिळून रोज फार तर आठ. गणित जमत नव्हतं.

सरांनी पुन्हा फोन उचलला आणि या वेळी "जयभीम" म्हणाले. शनिवारी सकाळी दहाला वाचनकक्षाच्या दाराशी चौदा एप्रिलची सगळी मंडळी उभी. एक डायलिसिसची नर्स, फार्मसीतलं एक जोडपं, तीन-चार टेस्टर आणि डेव्हलपर, मुलीकडे आलेल्या अकोल्याच्या एक मावशी आणि शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले त्यांचे यजमान. वाचनकक्ष लोकांसाठी खुला असतो, कोणीही ओळखपत्र दाखवून चिठ्ठीवर पुस्तक मागवू शकतं. काउंटरवरच्या मुलीने एरवी आठवड्यात दोन वाचक पाहिलेले. ती चिठ्ठ्यांचा नवा गठ्ठा आणायला धावली. सरांनी सगळ्यांना उभं राहून सांगितलं की या मॅडमकडून एक चूक झाली, आणि मी तपासलं नाही ही माझी. आपल्याला काय करायचं, तर लेखक जे म्हणतो तेच लिहायचं. अंदाज करायचा नाही. कोणी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. ते पुस्तकं उघडायला लागले होते.

दोन शनिवार-रविवार आणि मधली रजा टाकलेली मंडळी धरून आम्ही वाचत राहिलो. मावशी यजमानांना अर्थ विचारत एकच कादंबरी दोन दिवस वाचत होत्या. मध्येच त्यांनी मान वर केली आणि हळूच विचारलं, "हा मेला गाव काहून जाळून राहिला? आताच तर चांगली पेटी वाजवत होता." अख्खा वाचनकक्ष हसला, काउंटरवरची मुलगी सोडून. माझ्या वाट्याला माझीच भरलेली पुस्तकं येत होती. मी पानापानावर शोधत होते आणि चष्मा सापडत नव्हता. एका कॅप्टनच्या बाबतीत तर मी शपथेवर सांगितलं असतं. मला त्याची काच चकाकताना आठवत होती. लेखकाने त्याच्याबद्दल एवढंच लिहिलं होतं की तो थकलेला होता आणि त्याच्या बुटात पाणी शिरलं होतं. काच मी घातली होती.

समितीच्या दिवशी सर कोट घालून आले, माकडटोपीशिवाय. त्यांनी सगळ्यात आधी चूक सांगितली, मग दुरुस्त यादी दाखवली. ओहायोच्या बाई पडद्यावर होत्या. त्या म्हणाल्या की माझा पहिला शोध खोटा निघाला, आणि त्याहून चांगला हाती आला. बहुतेक पुस्तकांत लेखकाने चष्म्याचं नावही काढलेलं नाही. तरी वाचणाऱ्याला तो दिसतो. ही यादी भरणाऱ्या हुशार मुलीलाही दिसला. हे मला इतर कुठल्या संग्रहातून सिद्ध करता येणार नाही. हुशार मुलगी खाली मान घालून बसली होती.

मग समितीच्या अध्यक्षबाईंनी एक कागद पुढे ओढला. वापराचा आकडा त्या पाहत होत्या. गेल्या कित्येक वर्षांत मिळून झाला नसेल इतका या संग्रहाचा वापर गेल्या नऊ दिवसांत झालाय, असं त्या म्हणाल्या. माझ्या मनात आशा उगवली आणि सर उभे राहिले. मला त्यांच्या कोटाची शेपटी ओढावीशी वाटली. ते म्हणाले की ते वाचक माझे मित्र होते, चूक दुरुस्त करायला आले होते, तो वापर धरू नका. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. आमच्या चिठ्ठीत पुस्तक का मागवलं हे विचारत नाहीत, त्या म्हणाल्या, आणि जे विचारलेलं नाही ते मी लिहिणार नाही.

संग्रह राहिला. निर्णय ऐकला आणि मी बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं नुसती भिंतीला टेकून उभी राहिले. इतके दिवस छातीवर घेऊन हिंडत होते ते कोणीतरी उचलून नेलं होतं. बाहेर आले तर सर कॉरिडॉरमध्ये मावशींना फोनवर निकाल सांगत होते आणि पलीकडून मावशींचा आवाज मला तीन हातांवरून ऐकू येत होता.

जानेवारीत एका दुपारी सरांनी मला बोलावलं. त्यांच्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप होत नव्हतं, माझ्या लॅपटॉपवर व्हायचं. एक अर्ज लिहायचाय म्हणाले. नागपूरच्या त्यांच्या कॉलेजला. विषय, जुन्या नोंदीतील दुरुस्तीबाबत. ते म्हणाले, "तुम्ही नऊ दिवसांत करून दाखवलं. मला जवळपास पन्नास वर्षं झाली." आवाजात चेष्टा होती, पण हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

कॉलेजच्या साइटवर दुरुस्तीचा छापील नमुना होता. मी नाव भरलं, वर्ष भरलं, शाखा भरली. मग ती ओळ आली. माझी बोटं कीबोर्डवर होती आणि उत्तर मला माहीत होतं. मी हात काढून घेतले, खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि विचारलं, "सर, वडील काय करायचे?"

सरांनी मफलर सोडला, खुर्चीत मागे टेकले आणि सांगायला लागले. छापखाना कुठल्या गल्लीत होता, वडिलांची बोटं खिळे न बघता कशी ओळखायची, शाईचा वास अंघोळ करूनही कसा जायचा नाही, लग्नपत्रिकांच्या मोसमात ते कधी घरी यायचे, आणि उलटी अक्षरं वाचायला त्यांनी सरांना शाळेआधी कसं शिकवलं. चौकटीत दोन शब्द मावत होते. सर पाऊण तास बोलत होते.